एडिथवरची हिरवी लोकर

२९ मे, मंगळवार

आमच्या बोटीचा, एडिथचा, तळ खरवडून झाला. आज रंगाचा पहिला हात. डबा उघडला की मला बोटीची नाही, शाळेची आठवण येते. आमच्या एका खोलीच्या शाळेत बाकांना हाच गडद हिरवा रंग असे आणि जूनच्या उकाड्यात तो बाहीला चिकटे. मिस एडिथ कॉर्कम फळ्यापाशी उभ्या राहून हवेत पट्टी फिरवायच्या आणि आम्ही सगळे एका सुरात गलबताची कविता म्हणायचो. बोटीला बाईंचं नाव दिलं याचं माझ्या बायकोला, व्हर्नाला, एकेचाळीस वर्षं हसू येतंय. तीही त्याच वर्गात होती, माझ्यामागे दोन बाकं सोडून, पण कवितेच्या तासाला तिचं लक्ष खिडकीबाहेर बंदराकडे.

ब्रशाच्या तालावर आज तीच कविता म्हणत होतो. पहिल्या कडव्यात गलबत निघतं. दुसऱ्यात वादळ. तिसरं काही केल्या आठवेना. गेली दोन-तीन वर्षं हे असंच होतंय. साठ वर्षं जपलेली वस्तू खिशाला भोक पडून कुठेतरी गळून जावी तसं वाटतं. हे व्हर्नाला सांगितलेलं नाही.

मग जरा टेकलो. डोळा लागला असावा. उघडला तेव्हा ब्रश गवतात, मी गवतात, आणि व्हर्ना माझं डोकं मांडीवर घेऊन माझं नाव घेत होती. म्हणाली, दोन मिनिटं झाली. मी म्हणालो, ऊन लागलं. आज ढग होते हे नंतर लक्षात आलं.

५ जून, मंगळवार

व्हर्नाने मला ब्रिजवॉटरच्या डॉक्टरकडे नेलं होतं. त्याने छातीला चोवीस तास एक यंत्र चिकटवून दिलं. यंत्राला काही सापडलं नाही. म्हणजे काही नाही.

जेवताना व्हर्नाने बातमी दिली. आमच्या बोट-क्लबात बायकांसाठी वर्ग निघतोय, दर मंगळवारी. विषय असा की समुद्रात नवरा अचानक निकामी झाला किंवा पाण्यात पडला, तर बोट कशी सांभाळायची आणि त्याला वर कसं काढायचं. शिकवणार ग्लेंडा निकल. मी पोस्टमन होतो तेव्हा ही पोरगी माझ्या फेरीवरची, दारात बसून माझ्या पिशवीतली पाकिटं मोजायची. पुढे तटरक्षक दलात पंचवीस वर्षं काढून परत आली. वर्गासाठी तिला आमची एडिथ हवी आहे.

क्लबात फायबरच्या नव्या कोऱ्या इतक्या बोटी असताना आमचीच का, असं मी विचारलं. व्हर्ना बटाटा सोलत म्हणाली, ग्लेंडाला लाकडाचीच हवी आहे. रसिक आहे पोरगी. मी लगेच हो म्हणालो.

व्हर्नाही वर्गाला बसणार, याचं मात्र नवल वाटलं. बोटीवर तिची कामं ठरलेली आहेत. सँडविच, थर्मास, धक्क्याला लागताना पुढचा दोर. सुकाणू ती धरते, नाही असं नाही, पण मी 'हं, दे आता' म्हणेपर्यंत. बोटीच्या वहीत हे सगळं नीट लिहिलेलं आहे. मी रेघा मारून रकाने आखले आहेत: तारीख, वारा, कप्तान, खलाशी, शेरा. कप्तान आ. हर्टल. खलाशी व्ह. हर्टल. एकेचाळीस वर्षांत एक ओळ वेगळी नाही.

१२ जून, मंगळवार

पहिला वर्ग. बायका चार. व्हर्ना, मर्टल झ्विकर, ऑर्फा मोशर आणि बेकरीतली एक तरुण मुलगी. मी बोटीचा मालक म्हणून मागे बसलो होतो.

ग्लेंडाने पहिलाच प्रश्न टाकला: समजा, या क्षणी तुमचा नवरा बोटीवर नाही. तुम्ही काय कराल?

मर्टल म्हणाली, "आधी शांतपणे चहा पिईन."

ग्लेंडासुद्धा हसली. मग तिने एकेकीला सुकाणूचा दांडा दिला. मला गप्प बसायला सांगितलं होतं. मी आपलं अधूनमधून सुचवत होतो, वारा बघ, शीड फडफडतंय बघ. तासाभराने ग्लेंडा म्हणाली, "मिस्टर हर्टल, तुम्ही अकरा वेळा बोललात. मी मोजलंय."

मी म्हणालो, अनुभव बोलतो.

"मग आजपासून तुम्ही पाण्यात पडलेले आहात. पाण्यात पडलेला माणूस वाऱ्याबद्दल काही सुचवत नाही."

बायका इतक्या हसल्या की शेजारच्या धक्क्यावरून मर्टलच्या नवऱ्याने, बर्टनने, दुर्बीण लावली. त्याला वाटतं या वर्गातून नवऱ्यांना बुडवायचं शिकवतात.

२६ जून, मंगळवार

ग्लेंडाने बाहुला आणला. जुना पिवळा रेनकोट, आत पाणी भरलेले दुधाचे कॅन, डोक्याच्या जागी पाण्यावर तरंगणारा बोया. वजन माझ्याएवढं. त्याला पाण्यात ढकलायचं, तरंगतं कडं फेकायचं, बोट वाऱ्यात वळवून परत आणायची, त्याच्याशेजारी थांबायची, आणि डोलकाठीवरून येणारा मोकळा दोर चरखीला गुंडाळून त्याला वर ओढायचं. शेवटची दोन कामं सगळ्यात अवघड. पाण्यात सापडलेली माणसं बोटीच्या कडेशी बुडतात, ग्लेंडा म्हणाली. वर काढता येत नाही म्हणून.

बाहुल्याला नाव हवं असं ठरलं. मी सुचवणार होतो, पण मी पाण्यात पडलेला. त्यांनी त्याला माझंच नाव ठेवलं, आल्डन. आज तीन वेळा बुडालो. व्हर्नाने एकदा मला बोटीखाली घातलं.

पण खरा घोटाळा माझ्यामुळे झाला, तो लिहायलाच हवा. तो मोकळा दोर मी डोलकाठीपाशी एका खास गाठीने बांधून ठेवतो. ही गाठ माझ्या वडिलांची. चार पदर, मध्ये गुलाबासारखी. बंदरात येणारे लोक तिचे फोटो काढतात. ऑर्फाच्या पाळीला ती सुटेचना. चार मिनिटं ऑर्फा नखांनी झगडत होती आणि बाहुला तरंगत तरंगत झ्विकरांच्या धक्क्यापर्यंत गेला. शेवटी ग्लेंडाने सुरी काढली आणि गाठ कापली.

 ऑर्फा बाकावर बसली आणि कापलेल्या दोराचा तुकडा वर्ग संपेपर्यंत मुठीतून सोडेना. घरी येताना व्हर्नाला विचारलं की एवढं काय झालं. ती म्हणाली, नंतर सांगीन.

१० जुलै, मंगळवार

एडिथला जत्रेतल्या घोड्यासारखं सजवलंय. व्हर्नाने विणकामाची टोपली बोटीवर नेली आणि दिसेल त्या दोराला लोकर बांधली. मोठं शीड खाली आणणाऱ्या दोराला लाल. पुढच्या शिडाच्या दोराला निळी. इंजिन बंद करायच्या दट्ट्याला काळी. आणि माणूस वर काढायच्या दोराला हिरवी, चांगली वीतभर झालर सोडून. उरलेल्या लोकरीचा मला मोजा करणार म्हणाली. एकच.

मी म्हणालो, खलाशाला दोर हाताला कळतात, त्याला लोकर लागत नाही.

ती म्हणाली, "तुझ्या हाताला कळतात. घाबरल्यावर माझा हात मला ओळखीचा राहणार नाही. हिरवा रंग राहील."

दोराला मी नव्याने गुलाबगाठ घातली होती. तीही सोडून तिथे तिने एक साधा लोखंडी आकडा लावलाय. टक्क करून निघतो. सोय आहे, पण कविता नाही.

२२ जुलै, रविवार

हॅलिफॅक्सहून कॉलीन आली. आमची लेक. परसातल्या कोवळ्या भाज्यांचा हॉजपॉज होता, साय घातलेला, ती दोनदा घ्यायची तो आज एकदाच घेतला. मग म्हणाली, बाबा, चेस्टरचे एक गृहस्थ जुनी लाकडी बोट शोधतायत, एडिथची चांगली कदर करतील.

मी म्हणालो, मीही करतो.

मग तिचा आवाज चढला. मे महिन्यात तुम्ही गवतात पडला होतात, ते पाण्यावर झालं असतं तर काय केलं असतं, आई बोट वळवू शकली असती का. मी म्हणालो ते ऊन होतं. कॉलीनने आईकडे पाहिलं. मला वाटलं व्हर्ना तिची बाजू घेणार. ती ताटं उचलत एवढंच म्हणाली की सप्टेंबर संपेपर्यंत बोटीचा विषय काढायचा नाही, मग ठरवू.

कॉलीन गेल्यावर मी बराच वेळ एडिथवर बसलो. एडिथ गेली तर मी काय, खिडकीतला म्हातारा. टपालाची पिशवी गेली, मित्र एकेक करून गेले, कवितेचं तिसरं कडवं गेलं. ती एक राहिली आहे.

व्हर्ना सप्टेंबरपर्यंत का थांबली ते समजलं नाही. टॅनकूक बेटावरचा कोबी तोवर तयार होतो, दरवर्षी आम्ही तो आणायला बोटीने जातो. शेवटची फेरी करू दे म्हणाली असेल बिचारी.

३१ जुलै, मंगळवार

आज ग्लेंडाने मला उद्देशून नाही असं दाखवत एक गोष्ट सांगितली. पंचवीस वर्षांत तिने पाण्यातून जेवढे पुरुष काढले त्यातल्या कितीतरी जणांच्या पँटची चेन उघडी होती. बोटीच्या मागच्या टोकाला, वाऱ्याला पाठ करून, एक हात दोराला आणि एक हात कामात. तिथूनच जातात. "बादली ठेवा आणि बसवा त्यांना," ती बायकांना म्हणाली.

माझे वडील असेच उभे राहिले, त्यांचे वडीलही. कवितेला ती जागा जगात सगळ्यात उत्तम. समोर सारा उपसागर. बसून कुणी कधी आकाश पाहिलंय का? बर्टनचंही हेच मत पडलं.

परतताना ऑर्फाने आपणहून सांगितलं. तीन वर्षांपूर्वी रोलंड, तिचा नवरा, सुकाणूवरच कोसळला. छातीचा झटका. तिला शीड उतरवता येईना, इंजिन लावता येईना, रेडिओचं कुठलं बटण ते ठाऊक नाही. दोन तास बोट आपोआप गोल गोल फिरत राहिली आणि ती त्याचा हात धरून बसली. शेवटी लॉबस्टरवाल्या एका बोटीने पाहिलं. रोलंड मी ओळखत होतो. बोटीवर त्याने तिला कधी काही करू दिलं नाही. फार प्रेम होतं.

 रोलंड वेगळा. त्याचं हृदय आधीपासून कच्चं होतं.

१४ ऑगस्ट, मंगळवार

सुखाचा दिवस. व्हर्नाने एकटीने एडिथ बोयापासून सोडली, खाडीच्या तोंडापर्यंत नेली, बाहुला चार वेळा वर काढला, आणि भर वाऱ्यात धक्क्याला लावली. मी बर्टनजवळ धक्क्यावर उभा. शेवटच्या दहा हातांत तिचा वेग मला जास्त वाटला. मी तोंड उघडलं, बर्टनने माझ्या तोंडावर टोपी धरली. तिने इंजिन उलटं टाकलं, एडिथ मांजरीसारखी अंग चोरून थांबली, आणि धक्क्यावरचं अंडंसुद्धा फुटलं नसतं.

मग तिने मान वर केली. बाहत्तर वर्षांची बाई. केस विस्कटलेले, नाकावर मीठ. मला ती वर्गातली मुलगी आठवली, खिडकीतून बंदराकडे बघणारी. इतकी वर्षं मला वाटायचं, तिला कवितेचा कंटाळा येतो म्हणून बघते. बोटींकडे बघत होती की काय?

ऑर्फानेही आज बाहुला वर काढला. त्याच्या ओल्या रेनकोटला मिठी मारून हसत हसत रडली. सगळ्यांनी मर्टलच्या घरी ब्लूबेरी ग्रंट, म्हणजे ब्लूबेरीच्या रसात शिजवलेले गोड उंडे, खाल्लं. भांडं चाटायला बर्टन होता.

७ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या टॅनकूक. हवा चांगली सांगितली आहे. व्हर्नाची एकच अट: लाइफ जॅकेट घालायचं, पूर्ण वेळ. पाण्यात पडलं की आपोआप फुगणारं. घालतो म्हणालो.

संध्याकाळी बोटीवर जाऊन गुपचूप तो आकडा काढला आणि गुलाबगाठ बांधली. फेरी शेवटची ठरली तर एडिथने आपल्या दागिन्यात जावं, एवढंच.

९ सप्टेंबर, रविवार

मनगट दुखतंय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. हॅलिफॅक्सच्या इस्पितळात आहे. व्हर्ना खुर्चीत विणतेय.

काल सकाळी वारा नैर्ऋत्येचा, रेशमासारखा. टॅनकूकला दोन तासांत पोचलो. कोबी एकदम फक्कड, डझनभर घेतले, वर आंबवलेल्या कोबीची बरणी. परत निघालो तर वारा वाढला होता. व्हर्नाच्या हाती सुकाणू दिलं आणि मी मागे गेलो. ती म्हणाली, आत बादली आहे, बस जरा. मी म्हणालो एकेचाळीस वर्षं उभा राहिलोय. उपसागर चकाकत होता. मी कविता सुरू केली. दुसऱ्या कडव्यात वीज कडाडते तिथपर्यंत आलो आणि दिवा फुंकावा तसा उजेड गेला.

पुढचं आठवतं ते हिरवं, गार पाणी आणि कानाशी फाटकन फुगलेलं जॅकेट. एडिथ दूर जात होती. लाटांच्या मधून ती दिसायची, नाहीशी व्हायची. मला वाटलं, आता ती गोल गोल फिरत राहणार. असं मला वाटलं, याची लाज वाटते.

मग पाण्यात धप्प आवाज झाला. कडं. मग पिवळी उशी. मग कोबी. दुसरा कोबी. तिसरा. बोटीवर एकटं माणूस असेल तर पडलेल्याकडे बोट दाखवत राहायला दुसरं कुणी नसतं, म्हणून तरंगेल ते टाकत जायचं, म्हणजे माग राहतो, असं ग्लेंडाने शिकवलं होतं. कोबी तरंगतो हे ग्लेंडालाही ठाऊक नसावं. लाटांवर टॅनकूकच्या कोबींची रांग लागली आणि तिच्या टोकाला मी.

लाल लोकर ओढली गेली, शीड खाली आलं. इंजिन लागलं. व्हर्ना एकेक गोष्ट मोठ्याने म्हणून करत होती, मला स्वच्छ ऐकू येत होतं. रेडिओवर आमचं नाव आणि जागा सांगितली, जशी वाण्याला यादी सांगावी. मग एडिथ कोबींच्या कडेकडेने परत आली. मी ओरडलो, डावीकडून ये, वाऱ्याकडून.

"आल्डन, तोंड मिट. पाणी जाईल."

डावीकडूनच आली. माझ्यापाशी इंजिन बंद केलं, जॅकेटच्या फासात दोर अडकवला, आणि वर हात केला तो हिरव्या लोकरीकडे. तेव्हा मला गुलाबगाठ आठवली. पाण्याने झाली नसेल एवढी छाती गार झाली. मी ओरडणार होतो की सुरी घे. पण टक्क असा आवाज आला. आकडा. तिने सकाळी मी कॉफी करत होतो तेव्हाच गाठ सोडून ठेवली होती. नंतर म्हणाली, "तू काल संध्याकाळी कविता गुणगुणत घरी आलास. तेव्हाच कळलं की काहीतरी बांधून आलायस."

ती चरखी फिरवू लागली. मी नव्वद किलोचा, वर ओले कपडे. एक फेरा, दम. एक फेरा, दम. माझे डोळे मिटायला लागले होते.

"कविता म्हण," ती म्हणाली.

बावन्न वर्षांच्या संसारात हे तिने पहिल्यांदा मागितलं.

"मोठ्याने म्हण. तू गप्प झालास तर तू आहेस का गेलास ते मला कळायचं नाही."

मी म्हणालो. दात वाजत होते, पण म्हणालो. गलबत निघालं, वादळ आलं, वीज कडाडली. आणि मी थांबलो. म्हणालो, "पुढचं येत नाही. व्हर्ना, माझं डोकं चाललंय. दोन-तीन वर्षं झाली, तुला सांगितलं नाही."

चरखी थांबली नाही. तिने मला दमाच्या मधे मधे उत्तर दिलं.

"तुला ते कधी येतच नव्हतं. पहिली दोन कडवी मुलगे म्हणायचे. तिसरं आम्ही मुली. तुम्ही तेव्हा दप्तरं भरत असायचात."

आणि ती म्हणू लागली. एका ओळीला एक फेरा. गलबत परत येतं त्याचं कडवं. सगळं नाही आठवत, शेवटची ओळ मात्र आता मरेपर्यंत आठवेल: शीड उतरवा, दोर टाका, घरचा धक्का आला. तिथे मी एडिथच्या फळ्यांवर पालथा पडलो होतो, मासळीसारखा.

तिने मला पांघरुणात गुंडाळलं. मी म्हणू लागलो, पाय घसरला. तिने काही विचारलं नव्हतं. नुसती पाहत होती, आणि तिचे दोन्ही तळहात सोलले होते. मग मी खरं सांगितलं. पाय घसरला नव्हता. मे महिन्यातही ऊन नव्हतं. आणि जुलैत एकदा तळघराच्या जिन्यात झालं होतं, ते तर मी या वहीतसुद्धा लिहिलेलं नाही.

"जिन्यातलं ठाऊक आहे," ती म्हणाली. "कोपराला पांढरा चुना लागला होता." आणि माझ्या शेजारी बसून तिने सुकाणू धरलं.

धक्क्यावर रुग्णवाहिका आणि ग्लेंडा. माझी चेन अजून उघडीच होती. ग्लेंडाने पाहिलं, आपलं जाकीट काढून माझ्या मांडीवर टाकलं, आणि एडिथचा दोर बांधायला गेली. हे उपकार मी विसरणार नाही.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

घरी. डॉक्टरांना या वेळी सापडलं. हृदय मधूनच थांबून विचार करायचं, म्हणे. वर्गातल्या माझ्यासारखंच. गळ्याच्या हाडाखाली एक लहानसं यंत्र बसवलंय, ते त्याला ढोसतं. डोकं शाबूत आहे, असा त्यांनी वेगळा दाखला दिला. मी तिसऱ्या कडव्याची हकीकत सांगितली तेव्हा परिचारिका हसत बाहेर गेली.

बोटीवर जायला बंदी नाही. काही महिने बोट स्वतः चालवायची नाही, आणि एकट्याने तर कधीच नाही.

कॉलीन इस्पितळातच होती. चेस्टरच्या गृहस्थांना काय कळवू, तिने हळूच विचारलं.  व्हर्ना हाताच्या पट्ट्या सोडत म्हणाली, "बोट विकायची नाही असं कळव. कप्तान धडधाकट आहे."

माझा ऊर भरून आला. छातीत टाके, गळ्यात पट्टा, तरी या बाईचा माझ्यावर केवढा विश्वास.

६ ऑक्टोबर, शनिवार

ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला कॉलीन आली. एडिथ सोमवारी पाण्याबाहेर निघणार, म्हणून आज हंगामातली शेवटची चक्कर. मॅपल लाल झाले आहेत, पाणी काचेसारखं. सुकाणूवर व्हर्ना. कॉलीन शेजारी, तिला व्हर्ना हिरवी लोकर दाखवत होती. मी सँडविच केली होती. काकडी जाड चिरली गेली, पण सगळी संपली. धक्क्याला लागताना पुढचा दोर मी टाकला. पहिल्या खेपेला पाण्यात गेला. चाळीस वर्षं हे काम सोपं आहे असं मी समजत होतो.

धक्क्यावर ग्लेंडा भेटली. मी तिला म्हणालो, नशिबाची कमाल बघ, तुमचा वर्ग नेमका याच वर्षी निघाला. ग्लेंडाने व्हर्नाकडे पाहिलं. व्हर्ना दोर गुंडाळत होती.

"हो ना," ग्लेंडा म्हणाली. "नेमका जूनमध्ये."

आम्ही तिघंही त्या योगायोगावर पुष्कळ हसलो. त्या दोघी माझ्यापेक्षा जास्त.

संध्याकाळी हंगाम बंद करायला बोटीची वही काढली. आजची ओळ भरायला गेलो तर ती आधीच भरलेली. व्हर्नाचं गोल अक्षर, शाळेतलं, रेघेच्या जरा वर तरंगणारं. कप्तान: व्ह. हर्टल. खलाशी: आ. हर्टल.

दोनदा वाचलं. वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली. वाटलं नाही. उलट वादळाचं कडवं संपून पुढचं सुरू होतंय असं काहीतरी वाटलं, आणि या वेळी मी दप्तर भरत नव्हतो.

शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलंय: वारा मंद. खलाशी कामाला बरा. कविता म्हणतो. बसून.